ऑनलाइन दीक्षापत्र, सेमिनरी आणि लग्नाचा परवाना : पाळक व्हायचं असेल तर आधी काय करावं?

सलाम बंधू,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हातकणंगले तालुक्यातले, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. काही वर्षांपासून घरात प्रार्थनासभा चालवता, रविवारी पंचवीस-तीस माणसं जमतात. मोबाईलवर एक जाहिरात दिसली : पैसे भरा, आठवड्याभरात 'रेव्हरंड' म्हणून दीक्षापत्र आणि फोटोचं ओळखपत्र घरपोच. ते घेतलं तर चालेल का? त्यावर सभेतल्या एका मुलीचं लग्न लावता येईल का? आणि चालत नसेल तर रीतसर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मसेवक, व्हायला काय करावं लागतं, नोकरी सोडावी लागते का?

मी याच भागात पाळक म्हणून हयात काढली, आता निवृत्त आहे. उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवरही बरीच वर्षं बसलो. तेव्हा सरळच सांगतो : ते पत्र घेऊ नका.

पैसे वाया जातील हे तर आहेच, पण त्याहून मोठं कारण आहे. दीक्षा म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या समुदायानं, तुमच्यावर हात ठेवून देवासमोर म्हणणं, की या माणसाच्या शिकवणीची आणि वागणुकीची जबाबदारी आम्ही घेतो. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, तेरावा अध्याय काढून वाचा. बर्णबा आणि शौल (म्हणजे पुढचा पौल) यांना अंत्युखियाच्या मंडळीनं उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून पाठवलं. शौलाला तर दिमिष्काच्या वाटेवर खुद्द प्रभूनं गाठलं होतं, आपल्या पाचारणाबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तरीही त्याला मंडळीच्या हातांखालून जावं लागलं. जाहिरात देणाऱ्यानं तुमचं तोंडही पाहिलेलं नाही. उद्या तुमच्या शिकवणीत खोट निघाली, दानपेटीचा हिशेब जुळला नाही, एखाद्या बहिणीनं तुमच्याविरुद्ध तक्रार केली, तर तो तुम्हाला जाब विचारायला येणार आहे का? आणि तुम्ही निर्दोष असताना गावानं आळ घेतला, तर तुमच्या पाठीशी कोण उभं राहणार? पाळकाला या दोन्ही गोष्टी लागतात, जाब विचारणारा आणि पाठीशी उभा राहणारा. एकाच मंडळीकडून दोन्ही मिळतात, आणि कुरियरनं त्यातलं काहीच येत नाही.

आता लग्नाचं. इथे जास्त थांबतो, कारण इथे तुमच्याबरोबर एका मुलीचं आयुष्य गुंतलेलं आहे.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. जुना आहे, पण आपली लग्नं आजही त्याच्याच आधारानं लागतात. ख्रिस्ती लग्न कोण लावू शकतो, हे त्याच्या कलम ५ मध्ये दिलेलं आहे. एक, ज्याला बिशपच्या हातून दीक्षा मिळाली आहे असा सेवक, तोही स्वतःच्या चर्चच्या नियमांप्रमाणे आणि विधींप्रमाणे. दुसरा, चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक. तिसरा, या कायद्याखाली सरकारनं परवाना दिलेला धर्मसेवक. चौथा, विवाह निबंधक. पाचवा, भारतीय ख्रिस्ती लोकांना विवाहाचा दाखला देण्याचा परवाना ज्याला मिळालेला आहे तो. या यादीत तुमच्या जाहिरातीतलं पत्र कुठेच बसत नाही. कुणी स्वतःला बिशप म्हणवून घेतो, त्यानं हात ठेवले म्हणजे यादीतला पहिला प्रकार लागू झाला, या भरवशावरही राहू नका. परवाना राज्य सरकार देतं, काढूनही घेऊ शकतं, आणि त्याची अधिसूचना राजपत्रात निघते. म्हणून कुणी 'माझ्याकडे लायसन्स आहे' म्हणाला, तर अधिसूचनेची तारीख आणि क्रमांक मागावा. खरा परवाना असलेला माणूस रागावत नाही, कपाटातून प्रत काढून दाखवतो.

अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड होऊ शकतो. शिवाय या कायद्याप्रमाणे न लागलेलं ख्रिस्ती लग्न रद्दबातल ठरतं, हे कलम ४ मध्येच लिहिलं आहे. तुम्ही तुरुंगात जाल की नाही हा पुढचा भाग, पण त्या मुलीचं काय? नवरा अपघातात गेला आणि फंडाचे पैसे मिळवायचे झाले, की तिच्या हातात आधी दाखला लागतो. मग साहेब विचारतो, हा पाळक कोण?

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर विवाह नोंदवहीचं पान कसं असतं ते सांगतो, कारण सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, यावर फारसा वेळ देत नाहीत. तारीख, वधू-वरांची पूर्ण नावं, वय, अविवाहित की विधुर किंवा विधवा, धंदा, लग्नाच्या वेळचं राहण्याचं ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावं, मग सह्या. साधे रकाने वाटतात. पण आपल्याकडे मुलीचं शाळेतलं नाव एक, बाप्तिस्म्याचं नाव दुसरं, घरात हाक मारायचं तिसरं. पाळकानं घाईत बाप्तिस्म्याचं नाव लिहिलं आणि आधार कार्डावर शाळेतलं असलं, की पुढची दहा वर्षं ती बाई प्रतिज्ञापत्रं करत फिरते. मी सही करण्याआधी दोघांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून नाव आणि जन्मतारीख अक्षर अन् अक्षर ताडून बघत असे. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची पूर्ण आहे ना, आधीचा जोडीदार हयात नाही ना, दोन साक्षीदार खरोखर समोर उभे आहेत ना, हे सगळं पाहायचं. वेळही पाहायची. कायद्यानं लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळात लागायला हवं. वऱ्हाडाचा टेम्पो पन्हाळ्याच्या घाटात बंद पडला म्हणून रात्री नऊला लग्न लावा, असा आग्रह होतो. त्याला नम्रपणे नाही म्हणता आलं पाहिजे.

तुमच्या सभेतल्या त्या मुलीसाठी आज काय करायचं? जवळच्या अधिकार असलेल्या पाळकाला भेटा, लग्न त्यांच्या हातून होऊ द्या. तुम्ही शास्त्रपाठ वाचा, आशीर्वादाची प्रार्थना करा. कुणीही समजूतदार पाळक त्याला हरकत घेणार नाही. तेही जमत नसेल तर विशेष विवाह कायदा १९५४ आहे : विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस, मग नोंदणी, आणि त्यानंतर घरी उपासना.

एक गैरसमज इथेच दूर करतो. 'आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे' असं सांगून काही जण दीक्षा देतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी असणं चांगलं, त्यानं हिशेबाला शिस्त लागते. पण ती नोंदणी विश्वस्तांची आणि मालमत्तेची असते. तिच्यातून पाळकपणही मिळत नाही आणि लग्नाचा परवानाही नाही.

मग रीतसर वाट कोणती? आधी कोणत्या मंडळीत राहायचं ते ठरवा. कोल्हापुरात प्रॉटेस्टंट कामाची सुरुवात रॉयल गूल्ड वायल्डर यांच्यापासून झाली. ते १८५२ मध्ये इथे आले, आणि पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. वायल्डर मेमोरियल चर्च, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल, कोडोलीचं मिशन ही सगळी त्याच वेलीवरची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झालं. आपल्या भागात सी.एन.आय.चा कोल्हापूर धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा विभाग) आहे, कोल्हापूर चर्च कौन्सिलचं नावही कानावर येतं, शिवाय मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी, पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या आहेत. प्रत्येकाची रीत निराळी. रोमन कॅथलिकांची तर पूर्णच वेगळी : ब्रह्मचर्य, तत्त्वज्ञान आणि ईश्वरज्ञानाचं लांब शिक्षण. तुमचं लग्न झालेलं आहे, म्हणून त्याचा विस्तार करत नाही. कुठल्या मंडळीत जायचं हे मी ठरवून देणार नाही. एवढंच सांगतो, की जिथे दीक्षा लवकर मिळेल ते घर शोधू नका. जिथली शिकवण तुम्ही मनापासून कबूल करता, जिथे तुमची मुलं वाढावीत असं वाटतं, तिथे जा. आणि मंडळ्यांमध्ये मिळकतीचे वाद चालू असतात, त्यांत कुठल्याही बाजूचा झेंडा घेऊन आत शिरू नका. त्या दारानं आलेल्या माणसाला लोक शेवटपर्यंत पाळक मानत नाहीत.

सी.एन.आय.सारख्या चर्चमध्ये वाट साधारण अशी असते. तुम्ही सभासद असता, तुमची स्थानिक मंडळी आणि तिची समिती तुमच्या नावाची शिफारस करते. मग धर्मप्रांताची समिती आणि बिशप मुलाखत घेतात. बहुतेकदा एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काही काळ काम करायला लावतात, मग सेमिनरीला पाठवतात. परत आल्यावर उमेदवारी, मग डीकन, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पायरीचा सेवक, म्हणून दीक्षा, आणि त्यानंतर प्रेस्बिटर, म्हणजे ज्याला आपण पाळक म्हणतो ती. डीकनला प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा, विधी चालवता येत नाही, प्रेस्बिटरला येतो. प्रेस्बिटरच्या दीक्षेच्या वेळी बिशपबरोबर इतर पाळकही हात ठेवतात. इतक्या हातांचं वजन डोक्यावर पडतं तेव्हा गुडघ्यावरच्या माणसाला कळतं, की आता हे आपल्या एकट्याचं काम राहिलेलं नाही. या सगळ्याला काही वर्षं लागतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानं मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा असं सांगितलं, आणि कुणावर हात ठेवण्याची घाई करू नको असंही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि दीक्षा १९०४ ची. संस्कृताचा गाढा व्यासंग, मराठीतला पहिल्या प्रतीचा कवी, आणि त्या माणसाच्या बाबतीतही मधे नऊ वर्षं गेली.

मुलाखतीची पुष्कळांना धास्ती असते. त्रैक्याचा सिद्धांत सांगा, रोमकरांस पत्राची रूपरेषा सांगा, असलं विचारतात, आणि त्याची तयारी हवीच. पण मी समितीवर असताना माझा पहिला प्रश्न बहुधा वेगळा असे : 'गेल्या आठवड्यात कुणाकुणाच्या घरी गेलात?' एक उमेदवार आठवतो. पदवीधर, आवाज उत्तम, पेटीवर बोटं फिरत. या प्रश्नाला तो अडखळला, मग म्हणाला, 'रविवारच्या संदेशाची तयारी चालू होती.' त्याच दिवशी दुसरा एक आला, बारावी झालेला, गडहिंग्लजकडचा. तो सांगू लागला : सोमवारी अमक्याची म्हैस मेली म्हणून गेलो, मंगळवारी एका आजीला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेलं, केसपेपर काढून दिला, रात्री ऊसतोडीवरनं माणसं परत आल्यावर साडेनऊला प्रार्थना घेतली. कुठला शास्त्रभाग वाचला विचारलं तर स्तोत्र १२१, आणि तोच का, हेही सांगितलं : आजी सारखी डोंगराकडच्या माहेराची आठवण काढत होती. समितीनं त्याला पुढे पाठवलं. पहिल्याला नाही म्हटलं नाही, एक वर्ष एका खेड्यातल्या पाळकाबरोबर घरोघर फिरायला सांगितलं. २०१९ च्या महापुरानंतर तर मी हेही विचारत असे, की पाणी चढलं तेव्हा तुम्ही कुठे होता. तुमच्याबाबतीत मला यातच आशा दिसते. फौंड्रीत पाळी करून तुम्ही माणसं सांभाळता आहात, म्हणजे सांगण्यासारखं तुमच्याकडे खूप असणार. आजपासून एक वही ठेवा. कुणाकडे गेलात, काय वाचलं, कशासाठी प्रार्थना केली, ते लिहा. फक्त कुणी विश्वासानं सांगितलेलं गुपित त्यात कधी उतरवू नका.

शिक्षणाबद्दल. आपल्याकडच्या मुख्य प्रवाहातल्या चर्चेसमध्ये सेरामपूरच्या पदवीला मान आहे. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ च्या कायद्यानं कारभार पक्का झाला. देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या तिथल्या सिनेटशी संलग्न आहेत. आपल्याला जवळ पुणं : युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र, आणि बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी), पदवीनंतर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), दोन्ही साधारण चार वर्षांचे. जुना आणि नवा करार, ईश्वरज्ञान, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन, संदेश तयार करणं, आणि बी.डी.ला हिब्रू-ग्रीकची ओळख. प्रवेश घेण्याआधी शिक्षणाचं माध्यम नक्की विचारा. बी.डी.ची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात, आणि आपल्या खेड्यातली हुशार मुलं तिथेच पहिल्या वर्षी खचतात. वर्षभर आधीपासून रोज दोन पानं इंग्रजी भाष्यग्रंथाची वाचा, अडलेले शब्द लिहून काढा. तेवढ्यानं खूप फरक पडतो.

नोकरी लगेच सोडू नका. सेरामपूरचेच बाहेरून करायचे अभ्यासक्रम आहेत, डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज आणि त्यापुढची पदवी. बंगळूरची टॅफ्टी ही संस्थाही नोकरी करणाऱ्यांना विस्तार पद्धतीनं शिकवते. दीक्षेसाठी बहुतेक चर्चेस एवढ्यावर थांबत नाहीत, बी.टीएच. किंवा बी.डी. मागतातच. पण पाया पक्का होतो, आणि अभ्यास आपल्याला झेपतो का हेही घरच्या घरी कळतं. काही स्वतंत्र मंडळ्यांची बायबल कॉलेजं एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता घेतात. तुमची मंडळी ती मानत असेल तर तीही वाट आहे. कोणत्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा : मान्यता कुणाची, आणि इथून शिकलेल्याला कोणत्या चर्चनं दीक्षा दिली आहे. दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर माघारी फिरा. 'मानद डॉक्टरेट' विकणाऱ्यांकडे तर बघूही नका. पाळकाच्या नावामागं विकत घेतलेलं 'डॉ.' लागलेलं असतं आणि मंडळीतल्या शिक्षकांना, नर्सबाईंना ते ठाऊक असतं. मग तो व्यासपीठावरून खरेपणावर कितीही बोलला तरी ते कुणाच्या मनाला भिडत नाही.

पैशाचं मोकळेपणानं बोलतो, कारण यावर कुणी आधी बोलत नाही आणि मग घरं मोडतात. खेड्यातल्या पाळकाचा पगार फौंड्रीतल्या कुशल कामगाराच्या पगारापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त. मंडळीची वर्गणी सुगीवर आणि साखर कारखान्याच्या ऊसबिलावर अवलंबून असते, बिल लांबलं की पगार लांबतो. पाळक-निवास मिळतो, पण निवृत्तीला तो सोडावा लागतो आणि तेव्हा स्वतःचं घर नसतं. आज तुमचा पीएफ चालू आहे, तो मोडून सेमिनरीची फी भरू नका. धर्मप्रांत किंवा मंडळी पाठवत असेल तर खर्चाचा वाटा कोण किती उचलणार, हे लेखी घ्या. पौल करिंथात अक्विल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता. नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्याला कमी लेखण्याचं काही कारण नाही, आणि काही मंडळ्या अशा सेवकांनाही दीक्षा देतात.

सभेतल्या एका बहिणीलाही हेच काम करायचं आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. तिला नक्की पुढे आणा. सी.एन.आय.मध्ये स्त्रियांना प्रेस्बिटर म्हणून दीक्षा मिळते, आणि दक्षिणेकडच्या सी.एस.आय.मध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ साली नंद्यालच्या धर्मप्रांतावर पहिल्या स्त्री-बिशप आल्या. अजून काही गावांत बाईच्या हातून प्रभुभोजन घ्यायला माणसं कचरतात, ते मी पाहिलं आहे. बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत ते मावळतं, विशेषतः तिनं आजारपणात रात्र काढून सेवा केली असेल तर. आणि दीक्षेशिवायही केवढं काम होतं, हे पंडिता रमाबाईंकडे बघून कळतं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी उभं केलं, मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि नावामागं रेव्हरंड कधी नव्हतं. तुम्हालाही घरची सभा चालवायला, शास्त्र शिकवायला, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला कुठलं पत्र लागत नाही. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि लग्न यांच्यापुरतं मात्र सध्या जवळच्या पाळकाला बोलावत चला.

या महिन्यात एवढं करा. तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला शोधा. नदीवर कुणी बाप्तिस्मा दिला आणि नोंद कुठेच नाही असं असेल, तर ज्या मंडळीत जायचं ठरवाल तिथल्या पाळकाला ते पहिल्याच भेटीत सांगा. साक्षीदार हयात असताना त्यावर मार्ग निघतो. सभेच्या दानाचा हिशेब एका वहीत दोघांच्या सहीनं लिहायला लागा, त्यातली एक सही तुमची नसावी आणि तुमच्या घरच्या कुणाचीही नसावी. मग त्या पाळकाला फोन करून वेळ घ्या. रविवारी उपासनेनंतर गर्दीत गाठू नका, मधल्या वारी संध्याकाळी जा. जाताना पत्नीला बरोबर घ्या. पुढे समिती तिच्याशी वेगळं बोलेल, आमच्याकडे तरी आम्ही नेहमी बोलत असू. त्या वेळी काय सांगायचं ते तिला पढवू नका. तिला पगाराची भीती वाटत असेल, सासू-सासऱ्यांची काळजी असेल, तर ती तिनं तिच्या शब्दांत सांगू दे. आणि तिचं मन अजून तयार नसेल तर समितीच्या आधी ते तुम्ही ऐका, अर्ज सहा महिन्यांनी गेला तरी चालतो.